अर्धी गोळी आणि कडूवेल

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मनोरमा सावे यांचा रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला. बिघडलेल्या पेशींचं प्रमाण आणखी खाली आलं होतं. आजार कळल्यापासून इतका चांगला आकडा कधी आला नव्हता. त्यांच्या नवऱ्याने, वासुदेवरावांनी, चष्मा पुसून तो पुन्हा वाचला, पायांत चपला सरकवल्या आणि डहाणू रोड स्टेशनाबाहेरून पेढे आणायला निघाले. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केलेला हा माणूस सहसा घाई करत नाही. त्या दिवशी तो चष्मा मिठाईच्या दुकानातच विसरून आला.

त्यांची मुलगी अदिती रिपोर्टसाठी सुट्टी घेऊन घरी थांबली होती. ती वापीच्या एका संशोधन प्रयोगशाळेत काम करते. झाडपाल्यातून काढलेले अर्क रक्ताच्या कॅन्सरमागच्या एन्झाइमला अडवतात का, हे तपासणं तिचं रोजचं काम. ती या कामाला लागून वर्ष झालं आणि आईला तोच आजार निघाला. मसोलीतल्या नातेवाइकांत कोणी त्याला योगायोग म्हणालं, कोणी आणखी काही. अदितीने त्यावर कधी मत दिलं नाही.

आजार सावकाश चालणारा. हाडांच्या मगजात, जिथे रक्त तयार होतं तिथे, एक एन्झाइम बिघडतं आणि वाडीतल्या पंपाचं बटण अडकून मोटर चालूच राहावी तसं ते पेशींना वाढायचा हुकूम सोडत राहतं. रोजची एक गोळी ते बटण बंद धरून ठेवते. गोळी नेमाने घेतली तर माणूस संसार करतो, लग्नांना जातो, भांडतो. मनोरमाबाई हे तिन्ही करत होत्या.

पेढा संपवून त्या म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. होळीपासून मी अर्धीच गोळी घेतेय."

वासुदेवरावांनी हातातला खोका खाली ठेवला. उरलेली अर्धी कुठे जाते, असं अदितीने विचारलं.

"जमनाला."

जमना धोडी तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. दोघींची ओळख मुंबईच्या हॉस्पिटलात, रक्त द्यायच्या रांगेत झालेली. मनोरमाबाईंनी शिक्षिकेच्या नोकरीची निम्मी वर्षं तलासरी तालुक्यातल्या शाळांत काढली होती, त्यामुळे जमनाचा पाडा, तिथली विहीर, जमनाचा भांडखोर दीर हे सगळं त्यांच्या माहितीतलं निघालं. आजार तोच, गोळी तीच, तपासणीची तारीखही तीच. तेव्हापासून जमना त्यांना बाई म्हणते आणि त्या तिला आपल्या वर्गातली समजतात.

थंडीत जमना आणि तिचा नवरा चैत्या भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. हॉस्पिटलच्या दोन तारखा चुकल्या आणि मोफत गोळ्यांच्या योजनेतून तिचं नाव निघालं. ते पुन्हा लागायचं म्हणजे नव्याने तपासण्या आणि फेऱ्या. होळीला पाड्यावर परतली तेव्हा तिच्याकडे एकही गोळी नव्हती. मनोरमाबाईंनी हिशेब केला तो शाळेच्या बाईसारखा. पोळी एक, पोरं दोन, तर पोळीचे दोन भाग. त्यांनी गोळ्या सुरीने अर्ध्या केल्या, कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात लाडवांच्या खाली ठेवल्या आणि डहाणूच्या बाजाराला आलेल्या चैत्याच्या हातात डबा दिला.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत सावेंच्या घरात आहे तशी जमनाच्या पाड्यातही आहे. जमनाने तो कडूवेलीच्या वाळलेल्या सालीने भरून पाठवला. गोळीने मळमळतं, त्यावर ती या सालीचा काढा घ्यायची. तिच्याकडे कोणाचंही पोट बिघडलं की हाच काढा. मनोरमाबाईंची मळमळ खरोखरच थांबली. मग डबा भरून गेला आणि भरून आला. रिकामा पाठवणं दोघींनाही जमणारं नव्हतं, त्यामुळे हा व्यवहार थांबवायची वेळ कुठल्याच बाजूला आली नाही. भातकापणी लागल्यापासून मात्र चैत्याची बाजाराची फेरी झाली नव्हती आणि पुढच्या डब्याच्या अर्ध्या गोळ्या देवघराखालच्या कपाटात तयार पडून होत्या.

हे मला का सांगितलं नाही, एवढंच वासुदेवरावांनी विचारलं. सांगितलं असतं तर तुम्ही बापलेकीने मिळून करू दिलं नसतं, असं बाईंचं उत्तर आलं. ते खरं होतं, म्हणून विषय तिथे थांबला.

अदितीला मात्र दुसरीच गोष्ट टोचत होती. ही साल तिच्या ओळखीची होती. उन्हाळ्यात आईने मैत्रिणीकडची म्हणून एक तुकडा दिला होता आणि तिने तो प्रयोगशाळेत नेऊन कॅन्सरच्या एन्झाइमवर लावून पाहिला होता, एकदा नव्हे, तीनदा. एन्झाइम ढिम्म हललं नव्हतं. सालीत काही नाही, त्यापेक्षा चहा पी, असा निकाल तिने घरी येऊन दिला होता.

मनोरमाबाईंना तो निकाल शब्दशः आठवत होता. "तुझ्या मशीनला नाही कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्या रक्ताला कळलं. चहा प्यायले असते तर हा आकडा आला असता का?"

अदितीने वाद घातला नाही. रिपोर्ट चुकला असेल, हे तिने मनातून लगेच काढून टाकलं, कारण आकडा प्रत्येक तपासणीत पायरी पायरीने उतरत आला होता. नशीब असेल, हेही शक्य होतं. आजार खूप खाली गेल्यावर काही जणांना कमी मात्रा पुरते. पण तसं डॉक्टर ठरवतात, सुरी ठरवत नाही. विचार करता करता तिची नजर आईच्या चेहऱ्यावर गेली. दोन्ही पापण्या फुगलेल्या होत्या. ही गोळी सुरू झाल्यापासून आईच्या पापण्या सकाळी अशाच सुजायच्या आणि ते मात्रेवर अवलंबून असतं.

"पापण्या अजून रोज सुजतात?"

"रोज. पूर्वीसारख्याच. पोटऱ्यांत गोळेही येतात. का गं?"

अर्धी गोळी पूर्ण गोळीचा त्रास देत होती. अदितीने त्या क्षणी दुसरा पेढा घेतला, असं वासुदेवराव पुढे सगळ्यांना सांगत राहिले. तिने घेतला होता हे खरं. आपल्याला कुठे पाहायचं आहे ते तिला कळलं होतं.

पोटात गेलेलं औषध रक्तात कायम राहत नाही. यकृतात एक वेगळं एन्झाइम असतं, ते औषध तोडून बाहेर काढत राहतं. रोज गोळी घ्यावी लागते ती त्यामुळे. आता एखाद्या सालीने त्या एन्झाइमलाच अडवलं तर औषध तुटणार नाही, साचेल, आणि अर्ध्याचं काम पूर्णाएवढं होईल. अदितीने उन्हाळ्यात सालीला एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर बरोबर मिळालं होतं. दुसरा प्रश्न तिने विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सालीची पिशवी घेऊन वापीला गेली. यकृताच्या एन्झाइमची कामं तिथे दर्शन नावाचा उमरगावचा मुलगा बघतो. त्याने पिशवी ओळखली.

"अदितीबेन, हिला परत नापास करायला आणली?"

"या वेळी पेपर वेगळा आहे."

काम साधं होतं. एका नळीत यकृताचं एन्झाइम आणि आईच्या गोळीतलं औषध, दुसऱ्या नळीत तेच दोन्ही आणि वर काढा. तासाभराने कुठे किती औषध उरलंय ते मोजायचं. पहिल्या नळीत औषध निम्म्याच्या खाली गेलं. काढ्याच्या नळीत ते जवळजवळ होतं तसं राहिलं. दर्शन लगेच खूश झाला, अदिती झाली नाही. सालीत तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ते कुठल्याही एन्झाइमला चिकटून त्याला निकामी करतं. त्यात कौतुक करण्यासारखं काही नसतं. तिने तुरट भाग काढून टाकला आणि सगळं पुन्हा लावलं. बुधवारी संध्याकाळी निकाल तोच आला. गुरुवारी तिने तिसऱ्यांदा लावलं, तेव्हाही तोच.

"तुमची साल कामाची आहे," दर्शन म्हणाला, "पण भलत्याच खात्यात नोकरीला लागली."

गुरुवारी दुपारी अदितीने मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. प्रश्न मात्र नेमके विचारले. काढा आजपासून बंद. अडवलेलं एन्झाइम पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून तीन दिवस अर्धीच गोळी आणि मग पूर्ण. त्याआधी, उद्या सकाळी गोळी घेण्यापूर्वी रक्त काढून पाठवायचं, म्हणजे नळीतलं शरीरातही होतंय का ते कळेल. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि दुसरी पेशंट?"

अदितीने चैत्याला फोन लावला. तो शेतावर होता, मागून झोडणीचा आवाज येत होता. जमनाचं नाव योजनेत परत लागल्याचं त्याने आनंदाने सांगितलं. दिवाळीपासून पूर्ण गोळी मिळत होती. बाईंना सांगायचं राहिलं, कापणीत वेळच नाही झाला. काढ्याचं विचारल्यावर तो म्हणाला, तो तर दोन वेळ घेते, त्याने ताकद येते म्हणते.

अर्धी गोळी आणि काढा मिळून एक होत असेल, तर पूर्ण गोळी आणि दोन वेळचा काढा मिळून किती होतं, हे गणित करायला प्रयोगशाळा लागत नाही. अदितीने त्याला काढा ताबडतोब बंद करायला सांगितलं. तो हो म्हणाला. ज्या सहजतेने म्हणाला, त्यावरून काढा बंद होणार नाही हे ती समजली.

शनिवारी सकाळी जमनाच्या पाड्यावर जायला वासुदेवरावांनी गाडी काढली. मनोरमाबाई पुढे बसल्या. त्यांचा काढा गुरुवारीच बंद झाला होता आणि त्या मुलीशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. रानशेत गेलं, चारोटीला गाडी महामार्गाला लागली, तेव्हा त्या समोर बघत म्हणाल्या की सालीने काहीतरी केलं हे तर तुम्हाला मान्य करावंच लागलं. अदितीने ते मान्य केलं. मग उरलेला रस्ता जरा सोपा गेला.

जमनाच्या खळ्यावर सावडीची माणसं होती. आज हिच्या शेतावर सगळ्यांनी राबायचं, उद्या हिने त्यांच्या. भाताचे भारे फळीवर आपटले जात होते. जमनाही त्यांत होती, पण दोन भारे झोडले की खाली बसत होती. बाईंना पाहून ती हसत उठली. तिच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की हसताना डोळे दिसेनात. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक जांभळे ठिपके होते. पेंढा टोचतो, ती म्हणाली. अदितीने एका ठिपक्यावर बोट दाबून धरलं आणि उचललं. ठिपका फिका झाला नाही. पेंढ्याच्या ओरखड्याने असं होत नाही. कातडीखाली रक्त झिरपत होतं.

तिने चैत्याला आणि जमनाला बाजूला बसवून सांगितलं की गोळी आणि काढा एकत्र घेतल्याने औषध अंगात जास्त झालंय, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी पडत असाव्यात आणि आजच्या आज तलासरीला जाऊन तपासायला हवं.

जमनाने शांतपणे ऐकून घेतलं. दोन्ही एकत्र चालत नाही ना, तिने विचारलं. नाही, अदिती म्हणाली.

"मग गोली सोडते."

जमनाचं म्हणणं सरळ होतं. गोळी मुंबईहून येते आणि कोणाच्या मनात आलं की बंद होते. मागे झाली तशी. कडूवेल घरामागे आहे, ती कोण बंद करणार? आणि गोळी नव्हती तेव्हा तिनेच तर धरून ठेवलं.

"तिने नाही धरलं," अदिती म्हणाली. "आईच्या अर्ध्या गोळीने धरलं."

"अर्ध्या गोलीत काय असतं, ताई? बाईंनाच इचारा. बाईंचा रिपोर्ट कसा आला?"

आता सगळे मनोरमाबाईंकडे बघू लागले. त्या सोमवारपासून जे बोलत आल्या होत्या तेच जमना बोलत होती आणि त्यांच्याच आकड्याचा दाखला देऊन. अदितीजवळ नळ्यांचे निकाल होते, पण खळ्यावर त्यांचा उपयोग नव्हता. तिची नजर खालच्या भाताच्या खाचरांकडे गेली.

"चैत्याभाऊ, ते शेवटचं खाचर बांधाशिवाय लावता का कधी?"

चैत्या हसला. बांध नसला तर पाणी ठरेल कसं, तो म्हणाला.

"गोळी म्हणजे पाणी. ते रोज वाहून जातं म्हणून रोज सोडावं लागतं. कडूवेल म्हणजे बांध. पाणी थोडं होतं तेव्हा बांधाने ते धरलं, म्हणून दोघींचं पीक वाचलं. आता पाणी पूर्ण आलंय आणि बांध तसाच आहे, तर रोप कुजायला लागलंय." तिने जमनाचा हात उलटा करून ठिपके दाखवले. "आणि तू म्हणतेस पाणी तोडा, बांध ठेवा."

"कोरड्या बांधावर भात लावते का ही?" चैत्या म्हणाला. भारे झोडणाऱ्यांतली जयश्री, जमनाची जाऊ, लांबूनच म्हणाली की लावेल, हिचा काय भरवसा. दोघीतिघी हसल्या. जमना हसली नाही. ती बाईंकडे बघत होती.

मनोरमाबाई पदर सावरून तिच्याशेजारी पेंढ्यावर बसल्या. "मी परवाच काढा सोडला," त्या म्हणाल्या. "मनातून नाही सोडवत. पण सोडलाय. सोमवारपासून पूर्ण गोळी घेणार. तूही डॉक्टर सांगतील तसंच घ्यायचं."

"आन परत गोली बंद झाली तर, बाई?"

मनोरमाबाई म्हणाल्या की तेव्हा चैत्याने आधी डहाणूला यायचं, काढा उकळायच्या आधी. अदितीला ही तडजोड पसंत नव्हती, पण तिने ती तोडली नाही. जमनाने जयश्रीला फळी सांभाळायला सांगितलं, हातपाय धुतले आणि नवं लुगडं नेसून गाडीत बसली.

तलासरीच्या लॅबने दीड तासात आकडा दिला. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. दीड लाखाच्या वर असायला हव्या होत्या. अदितीने तो तिथूनच मुंबईला कळवला. डॉक्टरीणबाईंनी गोळी आणि काढा दोन्ही थांबवायला सांगितलं आणि जमनाला त्याच दिवशी घेऊन यायला सांगितलं. वासुदेवरावांनी गाडी परत पाड्याकडे वळवली नाही, सरळ मुंबईच्या दिशेने घातली. चैत्या मागच्या सीटवर खळ्यावरच्याच कपड्यांत होता.

मंगळवारी मनोरमाबाईंच्या रक्तातल्या औषधाचा रिपोर्ट आला. काढा सोडल्याच्या दुसऱ्या सकाळच्या त्या नमुन्यात, अर्ध्या गोळीवर, औषधाची पातळी पूर्ण गोळी घेणाऱ्या माणसाएवढी भरली होती. मनोरमाबाईंनी तो वासुदेवरावांकडून मोठ्याने वाचून घेतला आणि अदितीला विचारलं की मग साल पास की नापास. अदिती म्हणाली, पास, पण घरात ठेवायची नाही. तिच्या प्रयोगशाळेने सालीतलं नेमकं कोणतं द्रव्य एन्झाइम अडवतं ते शोधायचं ठरवलं आहे. सालीची पुढची पिशवी जयश्री देणार आहे. डब्यात देऊ नकोस, असं तिला बजावून सांगावं लागलं.

जमना हॉस्पिटलात आहे. तिच्या प्लेटलेट बुधवारी एकेचाळीस हजार होत्या, गुरुवारी सकाळी त्रेपन्न. नवे ठिपके आलेले नाहीत. त्या साठ हजारांच्या वर स्थिरावल्या की गोळी पुन्हा सुरू करायचं डॉक्टरांनी ठरवलं आहे. अर्ध्या गोळीच्या महिन्यांनंतर तिच्या रक्तात बिघडलेल्या पेशी किती आहेत हे सांगणाऱ्या तपासणीसाठी शनिवारी रात्रीच रक्त घेतलं आहे. तो रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत आलेला नव्हता.